खासगी विद्यापीठाची पारख : एनआयआरएफच्या संकेतस्थळाचे परीक्षण

मुलाला किंवा मुलीला खासगी विद्यापीठात घालावे की नाही, हा निर्णय महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे दर उन्हाळ्यात घेतात. त्या वेळी त्यांच्या हाती सहसा विद्यापीठाचे रंगीत माहितीपत्रक, चौकातला फलक आणि ओळखीतल्या एखाद्याचा अनुभव याहून अधिक काही नसते. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि खानावळ धरली तर हा खर्च अनेकांच्या बाबतीत घराच्या कर्जाखालोखालचा असतो. अशा निर्णयासाठी कोणालाही विनामूल्य पाहता येणारी जी सरकारी सेवा मला सर्वांत उपयोगी वाटते, ती म्हणजे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीचे संकेतस्थळ. मात्र तिथला सर्वांत उपयोगी भाग क्रमवारी हा नव्हे. प्रत्येक संस्थेच्या नावासमोर जोडलेली, फारसे कोणी न उघडणारी माहितीची पीडीएफ फाइल हा तो भाग आहे, आणि या परीक्षणाचा बहुतेक भर तिच्यावरच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एनआयआरएफची घोषणा २९ सप्टेंबर २०१५ रोजी झाली, पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली आणि २०२५ ची यादी ४ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. हे काम राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, पाहते. विद्यापीठ गटात गुण पाच निकषांवर दिले जातात. अध्यापन व साधनसामग्री यांना ३० टक्के, संशोधन व व्यावसायिक कार्याला ३० टक्के, पदवी-निष्पत्तीला २० टक्के, सर्वसमावेशकतेला १० टक्के आणि जाणकारांच्या मताला १० टक्के असे त्यांचे भारांकन आहे. २०२५ च्या विद्यापीठ गटातील पहिल्या दहांत मणिपाल, बिट्स पिलानी आणि अमृता या खासगी संस्था आहेत, त्यामुळे खासगी संस्थांना ही यादी प्रतिकूल आहे असे म्हणता येणार नाही.

तरीही पालकाने केवळ क्रमांकावर विसंबू नये असे मला ठामपणे वाटते आणि त्याचे कारण गुणांच्या रचनेतच आहे. विद्यार्थी पुढे काय करतो हे ज्या निकषात दिसायला हवे, त्या पदवी-निष्पत्तीला एकूण गुणांचा पाचवा हिस्सा मिळतो. विद्यापीठ गटात या पाचव्या हिश्श्यातील १०० पैकी ६० गुण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांच्या प्रमाणाला आणि ४० गुण पीएचडी मिळवणाऱ्यांच्या संख्येला आहेत. प्लेसमेंट आणि पगार यांना विद्यापीठ गटात स्वतंत्र गुण नाहीत. अभियांत्रिकी गटात मात्र याच निकषात प्लेसमेंट व उच्च शिक्षण यांना मिळून ४० आणि पगाराच्या मध्यकाला, म्हणजे चढत्या क्रमातील मधल्या आकड्याला, २५ गुण आहेत. शिवाय सुमारे ८० टक्के विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले की त्या बाबीचे पूर्ण गुण मिळतात. म्हणजे ८१ टक्क्यांचे विद्यापीठ आणि ९७ टक्क्यांचे विद्यापीठ त्या जागी एकाच पायरीवर उभे राहते. संशोधनाचा ३० टक्के भार देशाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण बीबीए किंवा बीएला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वर्गात त्या शोधनिबंधांतले किती उतरते, हे क्रमांक सांगू शकत नाही.

आता त्या फाइलकडे वळू. यादीत संस्थेच्या नावाजवळच पीडीएफची खूण असते. फाइलमध्ये मंजूर प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्या, त्यांतील मुली, राज्यातील व राज्याबाहेरील विद्यार्थी, शुल्कसवलत मिळालेल्यांची संख्या, प्लेसमेंट व उच्च शिक्षण, पीएचडी, खर्च आणि शेवटी प्राध्यापकांचा तपशील असतो. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेने ही भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी असा दंडक आहे. त्यामुळे पहिल्या शंभरांत नसलेल्या विद्यापीठांचीही फाइल शोधली तर बहुधा सापडते, आणि सापडत नसेल तर प्रवेश कार्यालयाकडे ती मागण्याचा संकोच पालकांनी करू नये.

या फाइलचा गाभा म्हणजे प्लेसमेंट व उच्च शिक्षणाचा तक्ता. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे, कारण एकाच ओळीत एका तुकडीचा पूर्ण प्रवास येतो. पहिल्या वर्षाची प्रवेशक्षमता किती होती, प्रत्यक्ष प्रवेश किती झाले, थेट द्वितीय वर्षाला किती जण आले, किमान मुदतीत किती जणांनी पदवी घेतली, त्यांतील किती जणांना नोकरी मिळाली, त्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक किती आणि उच्च शिक्षणाला किती जण गेले, हे सारे तिथे क्रमाने वाचता येते. ओळ कशी वाचावी हे दाखवण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. प्रवेशक्षमता २४०, प्रत्यक्ष प्रवेश १८०, थेट द्वितीय वर्षाला १०, वेळेत पदवीधर १४०, नोकरी मिळालेले ९० आणि उच्च शिक्षणाला गेलेले २०. माहितीपत्रक इथे नव्वद भागिले एकशे चाळीस करून ६४ टक्के प्लेसमेंट सांगेल, आणि नोंदणी केलेल्यांनाच छेदात धरले तर त्याहूनही मोठा आकडा काढता येईल. पालकाच्या दृष्टीने मात्र छेद १९० हाच असायला हवा, कारण त्याचे मूल प्रवेश घेणाऱ्या १९० जणांतले एक असणार आहे. वेळेत पदवी मिळवणाऱ्या १४० जणांत ते असेलच अशी हमी कोणी देत नाही. तो छेद घेतला की नोकरीचे प्रमाण ४७ टक्के होते, नोकरी व उच्च शिक्षण मिळून ५८ टक्के होते, आणि वेळेत पदवी न मिळालेले ५० विद्यार्थी समोर येतात. हे पन्नास विद्यार्थी कोणत्याही जाहिरातीत नसतात. त्यांचे विषय राहिले, की त्यांनी मधूनच शिक्षण सोडले, की ते दुसऱ्या संस्थेत गेले, हे तक्ता सांगत नाही. पण प्रवेशाच्या दिवशी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो आपल्या हाती देतो.

एका ओळीवरून प्रगती कळत नाही. तक्त्यात सहसा तीन तुकड्या असतात, आणि संकेतस्थळावर २०१६ पासूनच्या याद्या उपलब्ध असल्याने मागच्या वर्षांच्या फाइल जोडून सात-आठ तुकड्यांची मालिका तयार करता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण खासगी विद्यापीठ खरोखर पुढे जात आहे का हे त्याशिवाय कळत नाही. प्रवेशक्षमता स्थिर असून जागा भरण्याचे प्रमाण वाढत असेल, तर विद्यार्थ्यांचा विश्वास वाढतो आहे असे म्हणायला जागा आहे. प्रवेशक्षमता झपाट्याने वाढली, जागाही भरल्या, पण वेळेत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण घसरत गेले, तर तो विस्तार विद्यार्थ्यांच्या जिवावर झालेला आहे. अशा वेळी मी संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रतीतली प्राध्यापकांची नावनिशीवार यादी उघडतो, कारण तिथे नेमणुकीची तारीख, अनुभव आणि नियमित की कंत्राटी हेही दिलेले असते. विद्यार्थी दुप्पट झाले आणि प्राध्यापकांतील बहुसंख्य गेल्या वर्षा-दोन वर्षांतच रुजू झालेले दिसले, तर त्या विद्यापीठाचे आजचे उत्तम निकाल जुन्या, लहान तुकड्यांचे आहेत हे लक्षात ठेवावे. आज प्रवेश घेणाऱ्याच्या वाट्याला येणारे वर्ग त्याहून वेगळे असतील.

नव्या विद्यापीठांच्या बाबतीत संयमही हवा. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या सोमय्या विद्याविहारसारख्या विद्यापीठाच्या नावाने प्रवेश घेतलेली चार वर्षांची पहिली तुकडी २०२३ च्या आधी बाहेर पडूच शकत नव्हती. शिवाय २०२५ च्या यादीतील चार वर्षांच्या अभ्यासक्रमांची शेवटची तुकडी २०२०-२१ ला प्रवेश घेतलेली, म्हणजे ऐन करोनाकाळातली आहे. तिच्या आकड्यांवरून कोणत्याही संस्थेबद्दल कायमचे मत करून घेणे अन्यायाचे ठरेल.

पगाराच्या रकान्याबद्दल एनआयआरएफचे मनापासून कौतुक करायला हवे, कारण इथे सर्वाधिक पॅकेजला थारा नाही आणि सरासरीलाही नाही. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा. एका विद्यार्थ्याला परदेशी कंपनीत मिळालेल्या पन्नास लाखांनी तो हलत नाही. परंतु हा मध्यक फक्त नोकरी मिळालेल्यांचा आहे, हे विसरता कामा नये. याहून मोठी उणीव अशी की विद्यापीठाच्या फाइलमध्ये चार वर्षांचे सर्व पदवी अभ्यासक्रम एका गठ्ठ्यात आणि तीन वर्षांचे सर्व दुसऱ्या गठ्ठ्यात येतात. संगणक अभियांत्रिकी आणि स्थापत्य अभियांत्रिकी यांचा पगार एकत्र, बीएससी आणि बीबीए यांचाही एकत्र, मग विद्यार्थ्याने आपल्या शाखेबद्दल काय समजावे? थोडा उपाय आहे. त्याच विद्यापीठाने अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा विधी या गटांत स्वतंत्र भाग घेतला असेल, तर त्या गटातली फाइल उघडावी. शाखानिहाय चित्र तिथेही मिळत नाही, पण गठ्ठा बराच लहान होतो.

प्रवेशाच्या बाजूची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. किती जागांसाठी किती अर्ज आले आणि आलेले विद्यार्थी कोणत्या गुणांचे होते, हे एनआयआरएफच्या फाइलमध्ये नसते. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून भरणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे कटऑफ राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष दर फेरीनंतर जाहीर करतो, त्यामुळे तिथे मागणी वाढली की घटली हे गावातला विद्यार्थीही सांगू शकतो. स्वतःच्या परीक्षेवर किंवा मुलाखतीवर प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाबद्दल तसे सांगता येत नाही. ‘प्रवेशासाठी चुरस’ हा शब्दप्रयोग मग पडताळणीविना उरतो. उच्च शिक्षण संस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या जुन्या नमुन्यातील विद्यापीठांच्या स्वयं-अध्ययन अहवालात जागा आणि पात्र अर्ज यांचे गुणोत्तर भरावे लागत असे. ज्या विद्यापीठाचा तो अहवाल उपलब्ध आहे, तिथे एनआयआरएफच्या फाइलला त्याची जोड द्यावी.

महाराष्ट्रातील पालकांनी शुल्कसवलतीचे रकाने आवर्जून पाहावेत. राज्य व केंद्र सरकारकडून, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून आणि खासगी दात्यांकडून संपूर्ण शुल्कसवलत मिळालेले विद्यार्थी तिथे वेगवेगळे दाखवलेले असतात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना पूर्ण शुल्कमाफी दिली, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून आलेल्या कुटुंबाला हा फरक प्रवेश खिडकीवर कळणे फार क्लेशदायक असते. म्हणून अशा विद्यापीठात संस्थेच्या निधीतून सवलत मिळालेल्यांचा रकाना सर्वांत बोलका ठरतो. हजारो विद्यार्थ्यांत तिथे मोजकेच आकडे असतील, तर शिष्यवृत्तीची जाहिरात कितीही मोठी असली तरी ती आपल्याला मिळेल असे गृहीत धरून कर्जाचा हिशेब करू नये.

विश्वासार्हतेचा प्रश्न टाळता येणार नाही. ही सर्व माहिती संस्थांनी स्वतः भरलेली आहे. आकड्यांच्या पडताळणीबद्दलच्या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्या वर्षीची क्रमवारी प्रसिद्ध करण्यास अंतरिम स्थगिती दिली होती. यादी त्यानंतर सप्टेंबरमध्ये आली. नॅकचे श्रेणीपत्रकही संशयापलीकडे राहिलेले नाही, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून नॅकच्या एका पाहणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना अटक केली. अमेरिकेतील ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी सेवेत माजी विद्यार्थ्यांचे उत्पन्न महाविद्यालयाच्या सांगण्यावरून ठरत नाही, ते कर खात्याच्या नोंदींवरून काढले जाते. केंद्राची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच ती माहिती असते, तरी संस्थेचा हात तिथवर पोहोचत नाही हे महत्त्वाचे.

सेवा म्हणून पाहता एनआयआरएफची मांडणी तिच्या माहितीला न्याय देत नाही. प्रत्येक संस्थेची प्रत्येक वर्षाची वेगळी पीडीएफ, तुलनेची सोय नाही, तुकड्यांची मालिका नाही, मराठीत काही नाही. ज्या पालकाला याची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच ती वापरणे सर्वांत अवघड जाते. तरीही बारावीनंतर खासगी विद्यापीठाचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी एक संध्याकाळ या फाइलसाठी द्यावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. आणि मंत्रालयाकडे मागणी अशी की हे तक्ते शाखानिहाय आणि स्प्रेडशीटच्या रूपात खुले करावेत, अर्जांची संख्या त्यात अनिवार्य करावी, आणि नोकरी मिळाल्याचा दावा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यानंतरच तो आकडा रकान्यात येऊ द्यावा.