पिचंगत्ती की पेशकब्ज?

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका स्नेह्यांना दोन जुन्या, छोट्या सुऱ्या आवडल्या. एकच घ्यायची असल्याने त्यांनी मला सोबत नेले. दुकानदाराला दोन्ही ‘राजघराण्यातल्या’ वाटत होत्या. आम्ही मात्र पाते, मूठ आणि म्यान एवढेच पाहिले.

पहिलीचे पाते रुंद आणि एकधारी होते. म्यानाला साखळीने चिमटा आणि कानकोरणे लटकत होते, आणि एवढ्यावरूनच ती कर्नाटकातल्या कोडगूची (कूर्गची) पिचंगत्ती असल्याचे ठरले. कापण्या-सोलण्याची ही सुरी पुढे तिथल्या कोडवा समाजातील पुरुषांच्या सणासुदीच्या पोशाखात कमरपट्ट्यात खोचली जाऊ लागली. मुठीवरची चांदी त्या मिरवण्याची खूण आहे.

दुसरी पेशकब्ज. इराण, अफगाणिस्तान आणि उत्तर हिंदुस्थानात वावरलेल्या या हत्याराचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते, आणि त्याची जाड पाठ आडव्या छेदात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी दिसते. ही जाडी शोभेसाठी नाही. चिलखताच्या कड्यांतून टोक घुसवताना पाते वाकू नये, म्हणून ती ठेवलेली असते. आमच्या हातातल्या नगाच्या मुठीवरील हाडाच्या पट्ट्यांलगत मात्र सरसाचा ताजा ओघळ होता, म्हणजे मूठ नंतरची. तरीही किंमत जवळपास दुप्पट!

घरगुती वापराची, साखळीसकट पूर्ण वस्तू हवी असेल त्याने पिचंगत्ती घ्यावी. शस्त्रांचाच अभ्यास करायचा असेल त्याला पेशकब्ज योग्य, पण मुठीच्या पट्ट्या जोडणारे रिव्हेट (खिळे) तपासून आणि मुठीचे पैसे वजा करून.