पोलिसाची तक्रार करावी की सोडून द्यावं? मी दोन्ही करून पाहिलंय

परवा संध्याकाळी पुतण्या घरी आला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन नुसताच बसून राहिला. चौकात ट्रॅफिकवाल्यानं अडवलं होतं. झेब्रा पट्ट्यावर चाक गेलं होतं हे त्याला मान्य होतं, पण त्यानंतर पाच मिनिटं चारचौघांत त्याच्या शिक्षणापासून आईबापांपर्यंत सगळं निघालं. "काका, तक्रार करू का जाऊ देऊ?" एवढाच त्याचा प्रश्न. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. पैसे मागितले असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तो विषय लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, नंबर १०६४. इथे फक्त उद्धटपणाबद्दल बोलतोय.

आधी एक गाठ सोडवून घ्या. चलान वेगळं आणि वागणूक वेगळी. चलान चुकीचं वाटत असेल तर त्याची हरकत महाट्रॅफिक अॅपवर घेता येते, नाहीतर कोर्टात. वागणुकीची तक्रार त्या पोलिसाच्या वरिष्ठांकडे. ही दोन्ही एका अर्जात आली की वाचणाऱ्याला वाटतं, दंड चुकवायला बघतोय. आणि उलटही खरं आहे: चूक आपली होती म्हणून आपल्याला वाटेल ते बोलायचा परवाना कुणाला मिळत नाही. लोक इथेच गप्प बसतात. "सिग्नल तर आपणच तोडला होता ना" म्हणतात आणि विषय संपतो.

सोडून देण्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी ते मनापासून म्हणतोय. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी आपण हिरव्या जाळीखाली सिग्नलला मिनिटभर थांबलो तरी जीव कासावीस होतो, आणि तो माणूस तिथेच डांबरावर तासन्‌तास उभा असतो. दिवसभरात कितीजण त्याच्याशी हुज्जत घालतात, कितीजण कुणाकुणाला फोन लावून "साहेबांशी बोला" म्हणून मोबाइल त्याच्या कानाशी धरतात. अशात एखादा शब्द वाकडा गेला तर तो पोटात घालावा. माझी आपली साधी कसोटी अशी: बोलला आणि पावती फाडून मोकळा झाला तर सोडून द्या. पावती झाल्यावरही बोलतच राहिला, किंवा तुमच्याबरोबरच्या माणसावर घसरला, तर मात्र विचार करा.

तीन वर्षांपूर्वी मी सोडून दिलं होतं. आम्ही मनीष नगरला राहतो, ऑफिस धरमपेठेत. वर्धा रोडवरच्या एका चौकात (चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) हवालदारानं गाडीची चावी काढून घेतली आणि दहा मिनिटं मला फुटपाथवर उभं ठेवलं. चावी काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात त्याला कुठेही दिलेला नाही. लायसन्स मागायचा आहे, गाडी थांबवायचा आहे, ठरावीक कारणांसाठी गाडी अडकवून ठेवायचाही आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण "काय वकील आहेस का बे?" एवढं ऐकल्यावर मी मान खाली घातली. चावी परत मिळाली, घरी आलो, कुणाला काही बोललो नाही. कटकट टळली, एक दिवस वाचला, कुणाच्या नजरेत आलो नाही. कागदावर हा व्यवहार फायद्याचाच होता.

दुसऱ्या दिवसापासून मी छत्रपती चौकातून खामल्याकडे वळायला लागलो. प्रताप नगर, माटे चौक, मग शंकर नगर. लांबचा रस्ता, सकाळी शाळेच्या बसगाड्यांची गर्दी, पण तो चौक लागत नाही. आधी वाटलं चार दिवस जाऊ, मग पूर्ववत. दोन महिने झाले तरी मी खामल्यावरूनच जात होतो. बायकोनं विचारलं, "तिकडून का?" मी सांगितलं, मेट्रोच्या खांबांमुळे तिकडे फार कोंडतं. धडधडीत खोटं. आपल्याच शहरात, रोजचा टॅक्स भरून, मी एका माणसाला टाळायला रस्ता बदलला होता आणि ते घरातही कबूल करत नव्हतो.

पुढे तक्रार करावी असं मनात आलं तेव्हा हातात काहीच नव्हतं. नेमप्लेट वाचली नव्हती, बक्कल नंबर घेतला नव्हता, तारीखसुद्धा नक्की आठवत नव्हती. चौकात कॅमेरे आहेत, पण ते चित्रण काही वर्षानुवर्षं ठेवत नाहीत. थोडक्यात, सोडून द्यायचं असं मी ठरवलंच नव्हतं, वेळ निघून गेली आणि ते झालं. गप्प राहण्यातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच, आणि माझ्यापुरता निकाल तिनंच लावला.

दुसरी वेळ मागच्या वर्षीची. मागे बाबा बसले होते, वय ७१, रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यांच्या नव्हतं. कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट लागतं, तेव्हा हवालदारानं अडवलं ते बरोबरच. मी म्हटलं, "साहेब, चूक झाली, चलान करा." त्यानं मशीनवर चलान केलं. तिथे संपायला हवं होतं. पण तो बाबांकडे वळून म्हणाला, "काय बे म्हाताऱ्या, हेल्मेट घरी पूजेला ठेवलं का?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त गाडीवरून उतरले आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, 'बे' हा शब्द नागपुरात मित्रामित्रांत दिवसातून शंभर वेळा येतो, त्यात माया असते. वर्दीतल्या तिशीच्या माणसानं ७१ वर्षांच्या अनोळखी माणसाला म्हटला की त्यात काय असतं हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

या वेळी मी नेमप्लेट वाचली, बक्कल नंबर मोबाइलमध्ये टिपला आणि काही न बोलता निघालो. घरी आल्या आल्या झालेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहिले. ई-चलानवर तारीख, वेळ, ठिकाण आपसूक येतं, ते आपलं चलान असलं तरी इथे आपल्याच कामाचं.

तक्रार कुठे करायची याचे रस्ते बरेच आहेत. पुष्कळजण पोलीस तक्रार प्राधिकरणाचं नाव घेतात. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात आदेश दिला, त्यावरून महाराष्ट्रात २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य आणि विभाग पातळीवर त्याची तरतूद झाली. पण ते कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, अशा जड प्रकरणांसाठी आहे. 'म्हाताऱ्या' म्हटल्याची तक्रार तिथे नेणं म्हणजे तापासाठी थेट ऑपरेशन थिएटर गाठणं. ऑनलाइनचा रस्ता म्हणजे आपले सरकार पोर्टल. घरबसल्या होतं, नंबर मिळतो, बाहेरगावी असाल तर तेच करा. मला स्वतःला कागद बरा वाटतो. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, यांच्या नावानं एक पानी अर्ज, प्रत संबंधित वाहतूक परिमंडळाच्या निरीक्षकांना. दोन प्रती नेल्या, आवक टेबलावर एक दिली, दुसरीवर निळा शिक्का आणि हातानं लिहिलेला आवक क्रमांक घेतला. तो शिक्का ओला होता, घडी घातल्यावर अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात त्याची उलटी छाप उमटली. ती प्रत अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

अर्जात "उद्धटपणे वागले", "अरेरावी केली" असं लिहू नका. त्यातून काहीच कळत नाही. तो काय बोलला, तुम्ही काय बोललात, कोण कोण उभं होतं, चलान भरलं की नाही, एवढंच लिहा. आणि तुमची चूक पहिल्या ओळीत लिहा. माझ्या अर्जाचं पहिलं वाक्य होतं: "माझ्या वडिलांनी हेल्मेट घातले नव्हते व त्याचे चलान मी भरले आहे."

साधारण तीन आठवड्यांनी जबाबासाठी फोन आला. मी एकटा जाणार होतो, पण बाबा म्हणाले, "मला बोलला, मी सांगतो." इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावला. अधिकारी सभ्य होते, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "काका, आमची पोरं सकाळपासून उन्हात असतात, आणि 'बे' तर आपल्याकडे सगळेच म्हणतात." बाबा म्हणाले, "तुम्ही मला म्हणाल का?" ते थोडं थांबले आणि टायपिंग करणाऱ्याला म्हणाले, "घ्या लिहून."

टायपिंग करणाऱ्यानं लिहिलं, "अपशब्द वापरले." बाबांनी चष्मा चढवून कागद वाचला आणि परत दिला. "अपशब्द नका लिहू. जे बोलला ते लिहा." दोन मिनिटं शांतता होती. मग त्यानं ती ओळ खोडून टाइप केलं: काय बे म्हाताऱ्या. सरकारी कागदावर ते तीन शब्द पाहताना मला कसंसंच झालं. बाबांनी मात्र शांतपणे खाली सही केली, रेल्वेत करायचे तशी, पूर्ण नावाची.

निकाल काय लागला, हे सगळे आधी विचारतात. दीड महिन्यानं दोन ओळींचं पत्र आलं: संबंधितास समज देण्यात आली आहे. बस, एवढंच. खात्यात याच्या वर पायऱ्या आहेत, कसुरी रिपोर्ट, कारणे दाखवा नोटीस, वेतनवाढ रोखणं, पण एका वाक्यासाठी तिथपर्यंत जात नाहीत, आणि मलाही तसं नको होतं. कुणाची नोकरी जावी म्हणून तक्रार करत असाल तर निराश व्हाल. पत्र आलंच नसतं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढा एकच प्रश्न विचारायची माझी तयारी होती. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माझे एकूण दोन अर्धे दिवस गेले. समोर ठेवून पाहिलं तर गप्प राहण्यात एकही दिवस गेला नव्हता, पण दोन महिने खामल्याचा फेरा पडला. तक्रारीनंतर दुसऱ्याच सकाळी मी आणि बाबा, दोघं हेल्मेट घालून, त्याच चौकातून गेलो. तो हवालदार तिथे नव्हता. पुढे एकदा दिसला, त्यानं पाहिलं की नाही ठाऊक नाही. मी रस्ता बदलला नाही.

भीतीबद्दल. "३५३ लावीन" ही धमकी आपण सगळ्यांनी ऐकली आहे, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय, पण ते सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला किंवा बळाचा वापर केल्याबद्दल आहे. नंतर शांतपणे दिलेल्या खऱ्या अर्जाला ते लागत नाही. भर चौकात कॉलरला हात घातला तर लागेल. म्हणून रस्त्यावर बोलायचं कमी, कागदावर सगळं. व्हिडिओ काढायचा तर लांबून, वाटेत न येता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी माझा अनुभव असा की मोबाइल वर गेला की समोरच्याचा आवाजही वर जातो. मी बक्कल नंबरवरच भागवलं.

एका बाबतीत मी ठामपणे बोलू शकत नाही. मी ऑफिसात बसणारा माणूस, त्या चौकातून दिवसातून दोनदा जातो. ऑटोवाला किंवा डिलिव्हरीचा पोरगा तिथेच उभा राहून पोट भरतो, त्याला रोज त्याच माणसाच्या नजरेखाली राहायचं आहे. त्यानं सोडून दिलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. त्यानं एकट्यानं जाऊ नये, संघटनेच्या लेटरहेडवर, आणखी चारजणांच्या सह्यांसह जावं, असं मला वाटतं.

पुतण्या कॉलेजात आहे, अडचण तशी काही नाही. नेमप्लेट वाचली होती का विचारलं, तर म्हणाला आडनाव आठवतं, नंबर नाही. ई-चलान मोबाइलमध्ये आहे, वेळ त्यावर आहे, तेवढं पुरेल. त्याला वही दिली आणि म्हटलं, आत्ता आठवतंय तोवर शब्द लिहून काढ, अर्ज द्यायचा की नाही ते दोन दिवसांनी ठरव. तो लिहायला बसला. आतून बाबांनी विचारलं, "झेब्रा पट्ट्याचं पहिल्या ओळीत लिहिलं का?" सोमवारी माझी सुट्टी आहे, द्यायचा ठरला तर मी त्याच्याबरोबर जाईन.