पूरग्रस्त घर मदत: रक्कम भरघोस, पंचनामा घाईचा

२०१९ च्या महापुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख मंजूर केले. रक्कम खरोखर भरघोस होती. पण तेव्हा सगळं पंचनाम्यातल्या एका अक्षरावर अडलं: ७५ टक्क्यांवर पडझड म्हणजे ‘ए’, २५ ते ७५ ‘बी’, त्याखाली ‘सी’ आणि हाती ५० हजार. चिकोडी-निपाणीकडच्या मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावर उभ्या दिसतात. पायथ्याशी बोट लावलं की लगदा सुटतो. भिंत बसते चार-आठ दिवसांनी, तोवर ‘सी’ लागलेला असायचा. हा मोठाच अन्याय होता. पायथ्याचे, आतल्या भेगांचे फोटो पंचनाम्याआधीच काढून ठेवा.

पैसे हप्त्याने आले, पाया, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची तुळई), छत असं काम पुढे सरकेल तसे. दर टप्प्याला जीपीएस फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला, लागायचा. कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून उताऱ्यावरचं नाव आधारशी अक्षरन्‌अक्षर ताडून घ्या.