आधीच्या भाडेकरूने विकलेलं सामान त्याचं नव्हतंच

जून-जुलैत पुण्यात फ्लॅट शोधायला लागलं की एजंटकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आधीचा मुलगा सोडून चाललाय, सगळं सामान देऊन जातोय, थोडक्यात होऊन जाईल तुमचं." बेड, गाद्या, फ्रिज, वॉशिंग मशीन, अभ्यासाची टेबलं, सगळं जागच्या जागी मांडलेलं. टेम्पो नको, जिन्यातून चढवायला माणसं नकोत. आम्हा तिघींना हेच सांगण्यात आलं. आम्ही त्या सामानाचे ४८,००० रुपये मोजले आणि पुढे कळलं की त्यातली एकही वस्तू विकणाऱ्याची नव्हती. सगळं सामान एका फर्निचर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं होतं. कंपनी ते घेऊन गेली. आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

बदली झालेल्या जवानाच्या नावाने फर्निचर विकणारे, क्यूआर कोड पाठवून खातं रिकामं करणारे, यांच्याबद्दल आता घरोघरी माहीत आहे. हा प्रकार वेगळा आहे. इथे माणूस खरा असतो, फ्लॅट खरा असतो, सामान डोळ्यांसमोर असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही लातूर, सांगली आणि परभणीच्या. तिघी विद्यापीठात एम.एस्सी.ला. वसतिगृहाच्या यादीत कुणाचंच नाव लागलं नाही, मग औंधमध्ये टू बीएचके घ्यायचं ठरलं. भाडं २७,०००, अनामत दोन महिन्यांची, एजंटला एक महिन्याचं भाडं, शिवाय पहिल्या महिन्याचं आगाऊ. म्हणजे दारात पाऊल टाकण्याआधीच १,०८,००० रुपये गेले. घरच्यांनी ते कसे उभे केले हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात घर अनफर्निश्ड, पंखे आणि गिझर सोडले तर काही नाही. तिघींच्या पुरतं नवीन सामान घ्यायचं तर पुन्हा लाखाच्या वर खर्च. फसवणाऱ्या माणसाला हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. अनामत भरून झाल्यावर, कॉलेज सुरू व्हायला आठवडा उरलेला असताना तो समोर येतो.

विकणारा साधारण तिशीतला. आयटीत नोकरी, बंगळुरूला बदली झाली म्हणाला. बोलायला अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात "ताई". फ्रिज चालू करून दाखवला, वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकून दाखवले. आम्ही बिल मागितलं, तर त्याने व्हॉट्सॲपवर लगेच पाठवलं. त्यावर त्याचं नाव होतं, त्याच फ्लॅटचा पत्ता होता, प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ होती, जीएसटी क्रमांक होता. माझ्या मैत्रिणीने तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, नोंदणी चालू असलेला. फक्त रकमांचा रकाना कापलेला होता. "किंमत कळली तर तुम्ही अजून घासाघीस कराल," असं तो म्हणाला, आणि जुनं सामान विकणारा माणूस असं म्हणेल यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

बिल खरंच होतं. कंपनीनेच त्याला दिलेलं. पण ते विक्रीचं नव्हतं, महिन्याच्या भाड्याचं होतं. रकमांचा रकाना कापला की दोन्हींत वरवर काही फरक राहत नाही. एक गोष्ट मात्र त्याने झाकली नव्हती, कारण ती वाचता येणारे गिऱ्हाईक त्याला भेटत नसावेत.

प्रत्येक वस्तूपुढे एक कोड छापलेला असतो. वस्तू विकली असेल तर तो एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा असतो. फ्रिजचा ८४१८ ने सुरू होतो, वॉशिंग मशीनचा ८४५० ने, बेड-टेबलांसारख्या फर्निचरचा ९४०३ ने, गाद्यांचा ९४०४ ने. वस्तू भाड्याने दिली असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती सेवा ठरते, आणि सेवेचा कोड ९९ ने सुरू होतो. भाड्याने देण्याच्या सेवांचा गट ९९७३. आमच्या बिलावर फ्रिजपासून गादीपर्यंत प्रत्येक ओळीत ९९७३ होतं. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे शिकवतात, आम्हा रसायनशास्त्रवाल्यांना कुणी शिकवलं नव्हतं. छोट्या दुकानाच्या बिलावर कोड नसेलही, त्याने बिल खोटं ठरत नाही. पण ९९ दिसलं तर तिथेच थांबा.

पैसे यूपीआयने दिले, "चुलत भावाच्या" खात्यावर. स्वतःचं खातं बदलीमुळे दुसऱ्या शाखेत हलवतोय, असं कारण त्याने सांगितलं. खरं तर आजकाल शाखा बदलली म्हणून यूपीआय बंद पडत नाही, आणि विकणारा एक, खातं दुसऱ्याचं, असं असेल तर व्यवहार करू नये, हे मी आता प्रत्येकाला हात जोडून सांगते. आम्ही त्याच्याकडून कागदावर लिहून मात्र घेतलं होतं: वस्तूंची यादी, मिळालेली रक्कम, "हे सामान माझ्या मालकीचे असून मी ते विकत आहे," खाली सही आणि तारीख. तोच कागद पुढे सर्वांत उपयोगी पडला.

गणपतीत दोघी गावाला गेल्या होत्या. दुपारी दोन माणसं दाराशी आली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, हातात डिलिव्हरी चलन. हप्त्याचा ऑटो डेबिट महिन्यामागून महिने परत येतोय, ग्राहकाचा फोन बंद आहे, सामान ताब्यात घ्यायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, सामान आम्ही विकत घेतलंय. त्यांनी चलनावरचा फ्रिजचा अनुक्रमांक मला मोठ्याने वाचायला सांगितला आणि मागच्या पट्टीवरचा नंबर मीच ताडून पाहिला. एकही आकडा वेगळा नव्हता. मग त्यातल्या एकाने थेट टेबलाच्या ड्रॉवरखाली हात घातला. तिथे बारकोडचं स्टिकर होतं. बाकी सगळ्या वस्तूंवरची स्टिकरं खरवडून काढलेली होती. बेडच्या फळीखाली, मशीनच्या मागे, डिंकाचे चौकोनी डाग आम्हाला नंतर एकेक करून सापडले. ड्रॉवरखालचं काढायचं तो विसरला असावा.

दुसऱ्या माणसाचा आवाज चढला. "चोरीचा माल ठेवलाय, तुमच्यावर केस होईल," अशी भाषा सुरू झाली. घरात एकटी मुलगी असताना असं बोलणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, त्यांची बाजू खरी असली तरी. मी दार ओढून घेतलं, सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना बोलावलं आणि सांगितलं की मैत्रिणी आल्याशिवाय आणि लेखी पत्र आल्याशिवाय काहीही हलणार नाही. ते ऐकून गेले. कुणाच्याही घरात परवानगीशिवाय शिरण्याचा अधिकार वसुलीच्या माणसांना नसतो. सामान त्यांचं असलं तरी नाही.

एका मैत्रिणीचे मामा शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की मालक नसलेल्या माणसाने मालकाच्या परवानगीशिवाय वस्तू विकली, तर घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. विकणाऱ्याकडे काहीच हक्क नव्हता, म्हणून पूर्ण पैसे मोजूनही आमच्याकडे काहीच आलं नाही. त्याला अपवाद आहेत, पण आमचं प्रकरण त्यांत बसत नव्हतं. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार विकण्याचा हक्क आपल्याला आहे ही विकणाऱ्याची हमी गृहीत धरलेली असते, त्यामुळे पैसे परत मागण्याचा आमचा दावा त्या माणसावर उभा राहतो. कंपनीवर नाही. हे ऐकताना माझी परभणीची मैत्रीण रडली. तिच्या वाट्याचे १६,००० तिच्या आईने भिशीतून काढून दिले होते.

सामान आम्ही परत दिलं, पण रीतसर. कंपनीकडून लेटरहेडवर पत्र मागवलं, प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि अवस्था लिहिलेली यादी केली, फोटो काढले, त्यांच्या माणसांची पोच घेतली, साक्षीदार म्हणून सेक्रेटरी काकांची सही घेतली. मागचं थकलेलं भाडं आमच्याकडून मागणार नाही हेही पत्रात लिहून घेतलं. हे वाक्य लिहून घ्याच. तोंडी त्यांनी आधी ती मागणी केली होती.

पोलिसांत पहिल्यांदा "ही दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात फसवणुकीचं कलम ३१८ आहे, आणि खोटं सांगून पैसे द्यायला लावले तर पोटकलम ४ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विश्वासाने ताब्यात दिलेला माल परस्पर विकणं हा कलम ३१६ चा विश्वासघात, ती तक्रार कंपनीने करायची. मामांनी अर्ज लिहून दिला, सोबत आम्ही त्या माणसाच्या सहीचा कागद, कापलेलं बिल, कंपनीकडून मिळालेलं पूर्ण बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. पोलीस ठाण्यात नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी पाठवता येतं, हे अर्जातच नमूद होतं. या वेळी दखल घेतली गेली. कंपनीचीही तक्रार आली. ज्या खात्यात पैसे गेले तो "चुलत भाऊ" म्हणतो की खातं त्याने मित्राला वापरायला दिलं होतं. तपास चालू आहे.

१९३० या हेल्पलाइनवरही फोन केला. ऑनलाइन फसवणुकीत पैसे नुकतेच गेले असतील तर ते पुढच्या खात्यात अडवायला ती उपयोगी पडते, म्हणून संशय येताच फोन करावा. आमचे पैसे जाऊन महिने लोटले होते.

सर्वांत जास्त लागलं ते गेटवरच्या वहीचं. नंतर पाहिलं तेव्हा मार्च महिन्यात त्या फ्लॅटच्या नावापुढे कंपनीचं नाव, टेम्पोचा नंबर, "फर्निचर" अशी स्वच्छ नोंद होती. वॉचमन काकांना तो टेम्पो आठवतही होता. फ्लॅट बघायला जाल तेव्हा वॉचमनला विचारा की आधीच्या मुलांचं सामान कुणाच्या गाडीतून आलं. फ्रिज-मशीनचा अनुक्रमांक घेऊन ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा, वॉरंटीसाठी खरेदीची नोंद झाली आहे का ते विचारा. बिल कापलेलं घेऊ नका. आणि सामान भाड्याचंच असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. कंपनीशी बोलून करार स्वतःच्या नावावर करून घेता येतो का ते पाहा. प्रामाणिक भाडेकरू तुम्हाला स्वतःच तसं सांगेल.

आता आमच्याकडे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेल्या लोखंडी खाटा आहेत आणि एका दुकानातून बिलासह घेतलेला जुना फ्रिज. भांडी तेवढी तुळशीबागेतली, पहिल्यापासूनची. कपडे हाताने धुतो.

तपास अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे याच माणसाने आणखी एका फ्लॅटमध्ये असंच सामान मागवलं होतं, आणि ते आता तिथे नाही. म्हणजे ते कुणाच्या तरी खोलीत आहे. या वर्षी आधीच्या भाडेकरूकडून सामान घेतलं असेल तर आजच ड्रॉवरखाली, बेडच्या फळीखाली, फ्रिजच्या मागे बघा. स्टिकर किंवा डिंकाचा चौकोन दिसला तर वस्तू विकू नका, हलवू नका. भाड्याचा माल परस्पर विकला गेला असेल तर न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तो चोरीच्या मालात धरला जातो, आणि ठाऊक असून ठेवून घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. कंपनीचं नाव कळत असेल तर तिला आपण होऊन ईमेल करा, सोबत पैसे दिल्याचा पुरावा जोडा, आणि त्या ईमेलची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. वसुलीची माणसं दाराशी येण्याआधी जा.