शनिवारचा स्पॅनिश वर्ग, मागच्या खुर्चीवरून

अमेरिकेत, मेक्सिकोला लागून असलेल्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियोला लेकीकडे आले की शनिवार सकाळ माझ्याकडे असते. नातवाच्या स्पॅनिश वर्गात घरचं कुणीतरी मोठं थांबावं लागतं, आणि मी रिकामीच. सलग दहा शनिवार बसले. साताऱ्यात ३२ वर्षं मराठी शिकवलंय, दुसऱ्याचा वर्ग बघताना जीभ शिवशिवते, हे आधीच सांगून टाकते.

पुस्तक नाही, वही नाही. बाई मेक्सिकोच्या, मुलं त्यांना 'माएस्त्रा' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी लोतेरिया काढली. आपल्या तांबोल्याची बहीणच, पण आकड्यांऐवजी चित्रं: कोंबडा, सैतान, छत्री असे ५४ पत्ते. पुकारणारा नुसतं नाव घेत नाही, कोडं घालतो, आणि घरावर राजम्याचा दाणा ठेवायचा. मग मुलांनी चित्रं काढून स्वतःचे पत्ते बनवले. आमच्या पठ्ठ्यानं मी आणलेला दगडी खलबत्ता काढला. माएस्त्रा ओरडल्याच, "मोल्काहेते!" त्यांच्याकडेही ज्वालामुखीच्या दगडाचा असतो म्हणे. तो शब्द तो जन्मात विसरणार नाही.

पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून काठीनं फोडायची कागदी वस्तू, मात्र मला पटली नाही. कागदाचा लगदा फुग्यावर थापण्यात चार शनिवार गेले, आणि पदरात काय, तर कात्री आणि डिंक यांची स्पॅनिश नावं. हात चिकट झाले की मुलं आपापसांत इंग्रजीच बोलतात आणि माएस्त्रा टोकत नाहीत. सामानाचे २० डॉलर वेगळे द्यायचे, हेही नंतर कळलं. शिवाय सगळं मेक्सिकोचंच. या गावात ते साहजिक आहे, पण पेरू, अर्जेंटिना, खुद्द स्पेन यांचं नावही निघालं नाही. शाळेच्या परीक्षेसाठी व्याकरण पक्कं करून हवं असेल तर दुसरीकडे बघा.

ऑक्टोबरात पताका सुरू झाल्या, 'पापेल पिकादो'. पुएब्ला राज्यातले कारागीर पातळ कागदांची चळत छिन्नी-हातोडीनं कोरतात. इथं मुलांच्या हातात बोथट कात्री. या पताका १ आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या सणासाठी. वर्गात एका टेबलावर ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास, मांडली: फोटो, पाणी, गोड पाव आणि झेंडूच झेंडू. गेलेल्यांना वाट सापडावी म्हणून पाकळ्यांचा रस्ता करतात. आपण कावळ्याची वाट बघतो, हे वाट करून देतात. आणि झेंडू मूळचा मेक्सिकोचा! जन्मभर दसऱ्याला तोरणं केली, हे ठाऊक नव्हतं.

प्रत्येकानं आपल्या माणसाच्या आवडीचं काही ठेवायचं आणि चिठ्ठी लिहायची. नातवानं माझ्या पर्समधला आजोबांचा फोटो घेतला आणि मूठभर शेंगदाणे. चिठ्ठीत लिहिलं, 'आ मि आबुएलो ले गुस्ताबा लोस काकावातेस.' मग थांबला. हळूच मराठीत पुटपुटला, "आजोबांना शेंगदाणे आवडायचं... आवडायचे." आणि एकवचनी 'गुस्ताबा'चं अनेकवचनी 'गुस्ताबान' केलं.

इथं मला उठून बोलल्याशिवाय राहवलं नाही. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, म्हणून बाकीची मुलं 'यो गुस्तो' (शब्दशः 'मी आवडतो') म्हणत अडखळत होती. स्पॅनिशमध्ये कर्ता ती वस्तू, अगदी आपल्यासारखी: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. लेक मध्ये दुभाषी झाली. माएस्त्रांनी फळ्यावर देवनागरीत 'मला आंबे आवडतात' लिहून घेतलं माझ्याकडून, आणि खाली स्पॅनिश वाक्य. घरी मराठी बोललं तर पोराचं स्पॅनिश मागे पडेल अशी जावयांना धास्ती होती. त्यांना मी त्या फळ्याचा फोटो पाठवला.

पुढच्या सत्राची फी भरली आहे. ती चिठ्ठी आता फ्रिजवर आहे. दुसऱ्या रंगाच्या पेननं मागाहून घुसवलेला 'न' लांबूनही दिसतो.