भायखळ्याचा ख्रिस्ती कथा-कादंबरी वाचकगट, दीड वर्षाचा माझा अनुभव

सगळ्यांना सलाम. खूप दिवस लिहायचं म्हणत होते, आज उपासनेनंतर वेळ मिळाला म्हणून लिहितेय. मराठीत ख्रिस्ती जीवनावर कथा, कादंबरी लिहिणारे जे कोणी मुंबईत किंवा आसपास आहेत आणि वाचक कुठून आणायचे म्हणून हैराण आहेत, त्यांच्यासाठी खास.

आधी माझी परिस्थिती सांगते म्हणजे या गटाची किंमत कळेल. कादंबरी लिहायला मला चार वर्षं लागली, महापालिकेच्या हॉस्पिटलातली एक नर्स, दारू पिणारा नवरा, सासू, चर्चची मंडळी, असं सगळं आपल्याच घरांतलं. लिहून झाल्यावर दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं, हात जोडलेले इमोजी शंभर आले, "देव आशीर्वाद देवो ताई" पण आलं, आणि त्यानंतर पाच जणांनी पीडीएफ मागितली. फुकट. मला तेव्हा खरंच रडू आलं होतं. आपल्याकडे वाचायची परंपरा नाही असं कसं म्हणणार, आपलं ख्रिस्ती नियतकालिक ज्ञानोदय 1842 पासूनचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती यमुनापर्यटन 1857 ची, लिहिणारे बाबा पद्मनजी ख्रिस्ती, आणि विषय विधवांचे हाल. 2020 ला उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाला वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. अभिमान आहेच, पण नवीन लेखकाचं पुस्तक पैसे देऊन घ्यायची वेळ आली की हात खिशाकडे जात नाही.

तर या गटाची माहिती मला आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी, म्हणजे पास्टरनी दिली. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी, भायखळा स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, एका चर्चच्या हॉलमध्ये जमतात. रविवार मुद्दाम टाळलाय, एकतर उपासना आणि दुसरं म्हणजे मेगाब्लॉक. वीस-बावीस जण असतात, कल्याण, कुर्ला, ठाणे आणि वसईहून तीन कॅथलिक मंडळी दादरला गाडी बदलून येतात. वर्षाची वर्गणी तीनशे रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्स आलं. आणि एक नियम आहे जो मला सगळ्यात आवडला, पुस्तक छापून आलं की प्रत्येकाने स्वतःची प्रत पूर्ण किमतीला घ्यायची, लेखकाकडून भेट घ्यायची नाही आणि पीडीएफ पुढे पाठवायची नाही.

इंग्रजीत हे काम फार पद्धतशीर चालतं. अमेरिकेत ख्रिस्ती कथालेखकांची मोठी संघटना 2000 पासून आहे, ख्रिस्ती कादंबऱ्यांना वेगळे पुरस्कार आहेत, आणि लेखक आपली लाँच टीम करतात म्हणजे पन्नास-शंभर वाचकांना पुस्तक आधी देतात, ते वाचून प्रकाशनाच्या आठवड्यातच ऑनलाइन अभिप्राय टाकतात आणि दहा लोकांना सांगतात. आमच्या गटातल्या एक काकू आमिश लोकांवरच्या (अमेरिकेतला जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचतात, त्यांनीच ही पद्धत इथे आणली. फक्त इथे पन्नास नाही, आठ जण, आणि छापील प्रत नाही, स्पायरल केलेली झेरॉक्स आणि पेन्सिल.

माझ्या हस्तलिखितावर दोन बैठका झाल्या आणि त्या मी आयुष्यभर विसरणार नाही. पहिल्याच बैठकीत एका काकांनी विचारलं, हे खरं घडलंय का? नाही म्हटल्यावर म्हणाले मग साक्ष, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं त्याची खरी हकीकत, का नाही लिहिलीस, खोटं कशाला लिहायचं. आपल्या लोकांत हा प्रश्न येतोच, कथा म्हणजे खोटं. मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी, नव्वदीला आल्या असतील, त्या हळूच म्हणाल्या, उधळ्या पुत्राचं गाव कोणतं हो? नाव काय त्याचं? ती गोष्ट येशूनेच सांगितलेली, म्हणजे रचलेलीच. काका गप्प झाले आणि मग स्वतःच हसले. त्यांनी नंतर माझ्या तीन प्रती घेतल्या.

दुसऱ्या बैठकीत मात्र कस लागला. नवव्या प्रकरणात माझ्या नायिकेचा नवरा प्रार्थना सभेला जातो आणि सकाळपासून दारू सोडतो. सगळ्यांना आवडलं होतं, दोघींच्या डोळ्यात पाणी. पण एक मावशी, तीस वर्षं वॉर्डात नोकरी करून रिटायर झालेल्या, त्या म्हणाल्या, रोज पिणारा माणूस अचानक थांबला की पहिल्या दोन-तीन दिवसांत काय होतं तू बघितलंयस का, हात थरथरतात, घाम, झोप नाही, कोणाला भिंतीवर किडे दिसतात, कोणाला फिट येते, त्याला ॲडमिट करावं लागतं गं. प्रार्थना ठेव, पण ते तीन दिवस पण लिही, त्याची बायको नर्स आहे ना, तिला हे माहीत नसेल होय? मी घरी येईपर्यंत गाडीत रागातच होते. मग रात्री कळलं की त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, माझ्या नर्सला मी नर्स ठेवलंच नव्हतं. दोन महिने बसून ते प्रकरण पुन्हा लिहिलं, आता ती नवऱ्याच्या उशाशी सलाईन बघत बसते आणि तिथे स्तोत्र म्हणते. वाचणारे आता त्याच प्रकरणाबद्दल फोन करतात.

विक्रीचं सांगते. तीनशे प्रती छापल्या. दुकानात ठेवायचा अनुभव वाईट होता, त्यावर जास्त बोलत नाही. गटातल्या लोकांनी आपापल्या पाळकांना विचारून उपासनेनंतर अंगणात टेबल लावलं, चार रविवारांत एकशे बारा प्रती गेल्या, आणि नाताळात करंज्यांच्या डब्याबरोबर भेट द्यायला म्हणून अजून चाळीस. लोकांना मी विकत नव्हते, ज्यांनी वाचलं होतं ते स्वतः उभं राहून सांगत होते, त्याने फरक पडतो.

आता उणीव पण सांगायला हवी. पाचची वेळ असते आणि सुरू होतं पावणेसहाला, लांबून येणाऱ्यांची परतीची गाडी चुकते. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आजींना दोघं धरून आणतात. तरुण मुलं फारच कमी. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा रहस्यकथा घेऊन आला होता, चांगली होती, पण त्यात खून आहे म्हटल्यावर दहा मिनिटांत विषय बदलला, तो परत आला नाही. हे मला लागलं आणि मी बैठकीत बोलले पण. बायबलमध्ये पहिल्या भावांच्या गोष्टीतच खून आहे, मग आपल्या लेखकाने लिहिला तर काय बिघडलं? आणि ऑनलाइन अभिप्राय कोणीच टाकत नाही, सगळे लेखकाला फोन करतात, अर्धा तास मनापासून बोलतात, फार छान वाटतं, पण तेच बोलणं दोन ओळीत टाकलं तर पुण्या-नगरच्या वाचकाला पुस्तक कळेल ना.

तरी माझ्याकडून पाचातले साडेचार. लिहीत असाल तर पहिली तीन प्रकरणं झाल्यावरच या, पूर्ण झाल्यावर नको, बदल करायला जड जातं. नुसते वाचक असाल तरी या, उलट तेच जास्त हवेत. पुढच्या वेळी अंबरनाथच्या एका ताईंच्या कथा आहेत, रेल्वे कॉलनीतल्या, मी अर्ध्या वाचल्यात आणि दुसरी कथा संपल्यावर थोडा वेळ नुसती बसून होते. पेन्सिल घरून आणा.