‘चोवीस तास नर्स’ आणि आईच्या पाठीवरची जखम

आईला अर्धांगाचा झटका आला, त्याला आता दोन वर्षं होतील. डावी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. मी ठाण्याला बँकेत, दादा कॅनडात. ब्युरोच्या बायका तीन महिन्यांत पाच बदलल्या. शेवटी पुण्याच्या बाहेर एक केअर सेंटर नक्की केलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

बघायला गेलो ते रविवारी सकाळी अकराला, रीतसर फोन करून. दारात रांगोळी, हॉलमध्ये आजी-आजोबा टाळ घेऊन बसलेले, आम्हाला कॉफी. मॅडमनी फिजिओथेरपीची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं. वरचा मजला मात्र नाही. “आत्ता स्पंजिंग चालू आहे ना ताई, बाकीच्यांना बरं वाटत नाही.” मला उलट ते कौतुकाचं वाटलं. पडून असलेले सगळे पेशंट वरच असतात आणि आईही तिथेच राहणार, हे माहीत असूनही मी जिना चढले नाही.

महिना अडतीस हजार, डिपॉझिट एक लाख, सोडताना परत. चेक दिला. पावती आली ती एका ट्रस्टच्या नावाची, आणि तिच्यावर छापलेलं ‘ऐच्छिक देणगी’. मी विचारलं तर मॅडम हसून म्हणाल्या, “अहो, तुमच्याच फायद्याचं आहे, ऐंशी जीमध्ये सूट मिळेल.” आणि मी ती सूट घेतली. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण पुढे मी डिपॉझिट मागितलं तेव्हा त्यांनी हेच तोंडावर फेकलं: तुम्हीच तर देणगी म्हणून दाखवलंय. रोज लोकांच्या सह्या तपासणारी मी, आणि स्वतःची पावती वाचून गप्प बसले.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘परिवार’ नावाचा ग्रुप होता. रोज सकाळी दहाला सगळ्यांचे फोटो. आई खुर्चीत, केस विंचरलेले, आज निळा गाऊन, उद्या गुलाबी. दादा तिकडे रात्री ते फोटो बघून मग झोपायचा. नंतर एकदा मी ते ओळीने मागे जात बघितले. सोमवार ते गुरुवार, चार गाऊन, चार फोटो; उजव्या मनगटावर रक्त काढल्यानंतरची पांढरी पट्टी चारही फोटोंत, तिचं वरचं टोक तसंच दुमडलेलं आणि त्यावर हळदीचा तोच डाग. एकाच दिवशी गाऊन बदलून चार दिवसांचे फोटो काढून ठेवले होते.

बिलात डायपर दिवसाला सहा, पंचेचाळीस रुपयांप्रमाणे. म्हणजे महिन्याला आठ हजार शंभर. शिवाय ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून वेगळा आकडा, त्यात काय काय येतं ते कधीच कळलं नाही. एका शनिवारी संध्याकाळी पाचला मी तिथे होते. मावशींबरोबर आईचा डायपर बदलला आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने एक बारीक ठिपका दिला. मैत्रिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नऊला न कळवता गेले, तर तोच ठिपका. सोळा तास. त्यांच्या हिशेबाने तोवर चार डायपर व्हायला हवे होते. ओला होऊन इतका जड झाला होता की आईला कुशीवर वळवताना तो आपणहून खाली सरकला.

मॅडम म्हणाल्या, रात्रीचा स्टाफ नवीन आहे, बदलते. मी मानलं. एक महिन्याच्या नोटिशीचे पैसे बुडतील, दुसरी जागा हातात नाही, आयुष्यभर काटकसर केलेल्या बाईची मुलगी असले हिशेब करतेच. तीन आठवडे काढले. ते तीन आठवडे माझे आहेत, त्यांचं खापर मी कोणावर फोडत नाही.

नंतरच्या खेपेला आईच्या पलंगाशी वाकले तर एअर बेड, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरत राहणारी गादी, मऊच लागेना. पंपाची पिन काढून तिथे कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. ज्याला आपसूक कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, एअर बेड असला तरीही. तो नुसता मदतीला असतो. इथे बेडही बंद, आणि वळवणारं कोणी नाही. गाऊन वर केला. माकडहाडापाशी रुपयाच्या दुप्पट जखम, कडा काळ्या, मधे पिवळट. वास मला आल्यापासून येत होता, मी तो फिनेलचा समजत होते. “थोडं लाल झालंय, पावडर लावतोय,” सिस्टर म्हणाली. तिला सरळ विचारलं, तू जीएनएम की एएनएम, म्हणजे नर्सिंगचा कुठला मान्यताप्राप्त कोर्स केलायस? खाली मान घालून म्हणाली, सहा महिन्यांचा कोर्स केलाय. रात्री किती जण असता? दोन मावश्या आणि एक मामा. वरच्या मजल्यावर तेव्हा चौतीस पेशंट होते. मला त्या पोरीचा राग आला नाही. चौतीस जणांना दर दोन तासांनी कूस बदलवायची तर तीन माणसांचं दुसरं काही उरतच नाही.

त्याच संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात मेलेलं मांस काढावं लागलं, जखम भरायला चार महिने गेले. सेंटरने डिपॉझिटच्या बदल्यात दिला एक कागद: देणगी परत होत नाही, नोटीस न देता नेल्याबद्दल एक महिन्याचं शुल्क येणे बाकी.

मग करारनामा पहिल्यांदा नीट वाचला. माहितीपत्रकात आणि दाराबाहेरच्या पाटीवर ‘नर्सिंग केअर’, करारात मात्र ‘निवास व भोजन व्यवस्था’. खरी मेख इथे आहे. आपल्याकडे 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, बोलताना त्याला ‘बॉम्बे नर्सिंग’ म्हणतात. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा त्यात येते. पैसे घेताना हे लोक शुश्रूषा करतात, आणि नोंदणी विचारली की वृद्धाश्रम होतात. ‘बॉम्बे नर्सिंगचं सर्टिफिकेट दाखवा’ एवढंच मी पहिल्या रविवारी म्हटलं असतं, तर कॉफी तिथेच संपली असती.

ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे, तिथे माझं नीट ऐकून घेतलं. ग्राहक आयोगात मी वकिलाशिवाय तक्रार केली. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. पुरावा म्हणून फोटो, बिलं, डिस्चार्ज कार्ड, जखमेचे तारखेसह फोटो. जखमेचा भाग भक्कम आहे. डिपॉझिटचा भाग माझ्याच रिटर्नमुळे लंगडा पडणार, हे मला कळतं.

आई आता घरी आहे, दिवसाला एक मावशी आणि रात्री मी. मध्यंतरी नणंदेच्या सासऱ्यांसाठी जागा बघायला तिच्याबरोबर गेले, तेव्हा आम्ही न सांगता रात्री साडेआठला गेलो. आधी वरचा मजला. बेल दाबली आणि घड्याळ लावलं. पेशंटच्या उशाला कूस बदलल्याची नोंद लटकवलेली असते, ती बघितली. एका ठिकाणी रात्री साडेआठला सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या सह्या झालेल्या होत्या, एकाच शाईने. तिथून लगेच खाली उतरलो. दुसरीकडे दोन रकाने मोकळे होते. सिस्टर ओशाळून म्हणाली, दुपारी एक जण पडले, त्यात राहून गेलं. नणंदेने तीच जागा घेतली.

आईचे कपडे आणताना चार गाऊन, शाल आणि चष्म्याची डबी मिळाली नव्हती. ‘परिवार’मधून मला अजून कोणी काढलेलं नाही, रोज दहाला फोटो येतात. परवा एका नव्या आजींच्या अंगावर आईचा निळा गाऊन होता. खिशावर मी लाल दोऱ्याने घातलेली खूणही दिसत होती. फोटोखाली त्यांच्या मुलाने हात जोडल्याची तीन चित्रं टाकली होती. मी त्याला वेगळा मेसेज करून माझा नंबर दिला.